कानामागची पट्टी

ज्या वर्षी दिगंबर खरातच्या थोरल्या लेकीच्या लग्नात व्याह्यांनी मांडवाचा लोखंडी दांडा उपसून दिगंबरच्याच डोक्यात घातला, ते साल दोन हजार त्रेचाळीस. कारण विचाराल तर नवरदेवाच्या मामाला फेट्याऐवजी टोपी मिळाली, एवढंच. आधी शब्दाला शब्द लागला, मग पंक्तीतली पातेली हवेत गेली, वरणाने भाजून दोन पोरं किंचाळत सुटली आणि त्या गोंधळात तो दांडा आला. दिगंबर जागच्या जागी बसला. कानाच्या वर डोक्याची कातडी फाटून रक्त असं उसळलं की हळदीचा सदरा पाहता पाहता काळा पडला.

बायका छाती बडवत होत्या, पुरुष एकमेकांच्या गळपट्ट्या धरून होते. दिगंबरची धाकटी लेक वैदेही, सतरा वर्षांची, गर्दीतून वाकून आली. तिने ओढणीची घडी केली, बापाच्या जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. जीपमध्ये घातलं तेव्हाही हात उचलला नाही. धामणखेड्याचं रुग्णालय चाळीस मिनिटांवर, रस्ता खड्ड्यांचा. दिगंबरची बहीण कावेरी शेजारी बसली होती. ती स्वतः अठ्ठावीस वर्षं सिस्टर. तिने मदतीला हात पुढे केला, तर पोरीने नुसती मान हलवून नको म्हटलं. सगळ्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही.

रुग्णालयात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "दाब कुणी दिला होता? त्याच्यामुळे वाचलाय हा माणूस."

आठ दिवसांनी डोक्याला मुंडाशासारखी पट्टी बांधून दिगंबर ओट्यावर बसला होता, तेव्हा कावेरी म्हणाली, "दिगू, ही पोर मला दे. मी हिला सिस्टर करते."

"अक्का, ती तोंडातून ब्र काढत नाही. पेशंटला काय, खुणेने सांगणार?"

"हात बोलतात तिचे. तोंडाचं मी बघते."

हेच ते वाक्य. पुढे कावेरीला ते फार महागात पडलं.

धामणखेडा हे लोखंडाच्या भट्ट्यांभोवती वाढलेलं गाव, जालन्यापासून तासाभराचं. भट्टीत भाजलेले, यंत्राच्या पट्ट्यात हात गेलेले आणि नदीच्या वाळूवरून एकमेकांना भोसकलेले, असे तिन्ही प्रकारचे लोक तिथल्या अपघात विभागात रोज येत. रुग्णालयाच्या पाठीमागे नर्सिंग कॉलेज होतं आणि कावेरी ढवळे तिथे ट्यूटर होती.

पूर्वी चार वर्षं भरली, पेपर सुटले की मुलगी सिस्टर व्हायची. इंजेक्शनवर दहा पानं लिहिणारी मुलगी खऱ्या दंडात सुई घालताना थरथरायची. तो कारभार मोडला होता. आता वर्षं मोजत नव्हते, मार्क देत नव्हते. एकशे बारा कौशल्यांची यादी होती. एकेक कौशल्य चूक न करता करून दाखवायचं. जमलं ती पुढे, न जमलं तिने तेच पुन्हा, मग दहा वेळा करावं लागो की शंभर वेळा. एखादी दीड वर्षात अपघात विभागात उभी राही, एखादी तीन वर्षं झाली तरी चादर बदलण्यातच असे.

पण शिकायला जिवंत माणूस कोण देणार? म्हणून बाहुले आले होते. मुली त्यांना मामा म्हणत. मामाची कातडी कोमट, मनगटाला नाडी, नसेत तांबडं पाणी. सुई चुकली तर मामा कळवळे, औषध चुकलं तर निळा पडे, फारच चुकलं तर डोळे पांढरे करून मरे. मग शेख फरहान नावाचा यंत्र सांभाळणारा काचेपलीकडून बटण दाबी आणि मामा पुन्हा श्वास घेऊ लागे.

"मामाचं बरंय बाई," मुली म्हणायच्या. "दिवसातून सोळा वेळा मरतो नि जेवायच्या सुट्टीत ताजातवाना."

एकाहत्तरावं कौशल्य सगळ्यांत वाईट होतं. दंगा चालू असताना जखमीला सांभाळणं. रुग्णालयांवर हल्ले इतके वाढले होते की ते यादीत घालावंच लागलं. त्या खोलीच्या भिंतींवर माणसांचा जमाव धावून येई, शिव्या, काचा फुटल्याचे आवाज, आणि रुळांवरून दोन रबरी माणसं हातात रबरी दांडके घेऊन खरोखर अंगावर येत. ते दांडके लागत. मुलींच्या पाठीवर वळ उठत. समोर मामाच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत असे आणि तेवढ्यात अकरा पायऱ्या पुऱ्या करायच्या. प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून करायची. पेशंटचं नाव, वय, जखम कुठे, आपण काय करतो आहोत. छतात बसवलेले यंत्राचे कान ते ऐकत. बोललं नाही, तर केलंच नाही असं धरत.

वैदेही तिथे अडकली. अकरा वेळा. हातांना शंभरातले शंभर. रबरी दांडका मानेवर बसला तरी तिचा तळवा जखमेवरून हलत नसे. पण तोंड बंद. पडद्यावर लाल अक्षरं येत, "अपात्र."

बाराव्या वेळी कावेरी आत गेली. यंत्र थांबवलं. सगळ्या मुलींदेखत तिने वैदेहीच्या थोबाडीत मारली.

"बोल!"

वैदेहीच्या गालावर चार बोटं उठली.

"बोल म्हणते ना! जीभ काय घरी ठेवून आलीस?"

"आत्या..."

"इथे आत्या नाही. मॅडम!"

"मॅडम, हात चालू असले की माझं तोंड मिटतं. मुद्दाम नाही करत."

दुसरी थोबाडीत बसली. मुली भिंतीला चिकटल्या. कावेरी बाहेर निघून गेली.

तिच्या रागाला मूळ होतं. तरुणपणी, पाळी बदलताना, एका तीन वर्षांच्या मुलाला तिने औषध दिलं होतं. आधीच्या सिस्टरनेही तेच दिलं होतं. दोघी एकमेकींशेजारून गेल्या, बोलल्या नाहीत. मूल तासाभरात गेलं. त्याच्या काकांनी कावेरीला केसांना धरून व्हरांड्यात फरफटत नेलं आणि लाथांनी तिचा जबडा मोडला. जबडा जुळला, पण डावीकडचे तीन दात कायमचे गेले. तेव्हापासून तिचा एकच धर्म होता. बोलून काम करा. बोललं की चूक दुसऱ्याला ऐकू येते, आणि ऐकू आली की पेशंट वाचतो.

"मॅडम," फरहान म्हणाला, "मारून नाही व्हायचं हे. नवी पट्टी आलीय, ती लावून बघू."

पट्टी म्हणजे बोटाच्या पेराएवढा, चिकटवायचा तुकडा. कानाच्या पाठीमागे लावायचा. त्याचं शास्त्र फरहानने कावेरीला चहा पिता पिता समजावलं.

"मॅडम, तुम्हाला आठवीतला भूगोल आठवतो?"

"काडीचा नाही."

"आणि जबडा मोडला तो दिवस?"

कावेरीचा हात डाव्या जबड्यावर गेला.

"बघा. मेंदूतून निघून काळजापर्यंत, पोटापर्यंत जाणारी एक लांब नस आहे. तिचा एक फाटा कानाशी येतो. जिवावर बेतलं की ही नस मेंदूला निरोप देते, हे जपून ठेव, पुन्हा लागेल. म्हणून भूगोल जातो आणि मार राहतो. पट्टी तोच निरोप बाहेरून देते. मुलीची नाडी एकशेचाळीसच्या वर गेली, समोर रक्त आहे आणि तिने पायरी बरोबर केली, की त्याच क्षणी पट्टी नसेला बारीकसा झटका देते. मेंदू ते धरून ठेवतो. दहा वर्षं कॅज्युअल्टीत घालवून जे अंगात मुरतं, ते दहा आठवड्यांत मुरतं. मग विचार करावा लागत नाही. रक्त दिसलं, काळीज धडधडलं, की हात आणि तोंड आपोआप चालतात."

"आणि पट्टी काढल्यावर?"

"मुरलेलं लोणचं बरणीतून काढलं म्हणून परत कच्ची कैरी होतं का?"

कावेरीने सही केली.

पहिल्या आठवड्यात वैदेही पुटपुटली. तिसऱ्यात तिचा आवाज काचेपलीकडे ऐकू आला. दहाव्यात रबरी माणसांनी तिला दोन्ही बाजूंनी हाणलं, तिच्या नाकातून खरं रक्त आलं, आणि तरी ती खणखणीत आवाजात अकराच्या अकरा पायऱ्या बोलत गेली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. कावेरीने तिला पोटाशी धरलं आणि मारलेल्या गालावरून हात फिरवला.

"राग गेला का गं?"

वैदेही हसली. मग कॉलेजातल्या बेचाळीस मुलींना पट्टी लागली.

दिवाळीत दोघी गावाकडे गेल्या. सकाळी दिगंबर कडबाकुट्टीवर चारा कापत होता. बैल बुजला, दावं हिसकलं, दिगंबरचा तोल गेला आणि डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून पात्यात गेली. तो ओरडला. वैदेही अंगणात रांगोळी घालत होती. ती तशीच धावली, रंगाच्या हातांनीच मनगट आवळलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली,

"पेशंट दिगंबर खरात, वय अठ्ठेचाळीस! डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली! रक्तस्राव चालू! मी दाब देते!"

तिची आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं भवाने, बापाचं नाव गावभर काय पुकारायलीस? मतदान हाय का?"

बोटं गेली, बाप वाचला. संध्याकाळी हाताला गाठोडं बांधून दिगंबर सगळ्यांना सांगत होता, "अक्का, तू पोपट केलास की पोरीचा! माझं वय पण बरोबर सांगितलं. बायकोला अजून ठाऊक नाही." सगळे हसले. कावेरीही हसली.

रात्रीच्या जेवणाआधी वैदेही तिच्याशेजारी येऊन बसली. "आत्या, मला थांबवता येत नव्हतं."

"थांबवायचं कशाला?"

"आई सारखी म्हणत होती, गप, गप. मला ऐकू येत होतं. पण तोंड माझं नव्हतं."

सुट्टी संपल्यावर कावेरीने फरहानला हे विचारलं. तो म्हणाला, "पट्टी लिहिते, मॅडम. खोडत नाही. पट्टीच्या कंपनीला कळवू का?"

"काय कळवणार? मुलगी फार चांगलं काम करते म्हणून?" कावेरी म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला. कळवलं कुणीच नाही.

फेब्रुवारीत वैदेहीला अपघात विभागात पाठवलं; मुलींवर देखरेख करायला कावेरीही तिथे असे. तिच्याबरोबरच्या काही मुली अजून नाडीच मोजत होत्या.

पंधरा मार्चला, बुधवारी, दुपारी साडेबारा वाजता एका छोट्या टेम्पोतून रामकिसन सोळंके नावाच्या माणसाला आणलं. वय सव्वीस, वाळूच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्या साली नदीत वाळू उरली होती ती तळाची, आणि तिच्यासाठी दोन टोळ्या एकमेकींचे गळे कापत होत्या. रामकिसनच्या उजव्या खांद्याखाली कोयत्याचा घाव होता, बगलेपर्यंत उघडा. डॉक्टरांनी मोठी नस कशीबशी बांधली, घट्ट पट्टा आवळला आणि शस्त्रक्रियेची तयारी करायला ते वरच्या मजल्यावर गेले.

टेम्पोवाला जाता जाता म्हणाला, "सिस्टर, ते मागं हायेत. ह्याला संपवल्याबिगर जायचे नाहीत."

अशा वेळी पळायला जागा नसते. कावेरीने पोलिसांना फोन केला. वीस मिनिटं लागतील म्हणाले. तिने वैदेहीला सांगितलं, "ह्याला प्लास्टरच्या खोलीत घे. कडी लाव. काही झालं तरी आवाज नको." प्लास्टरची खोली म्हणजे प्लायवूडचा आडोसा घालून केलेली. वैदेहीने स्ट्रेचर आत ढकललं. मथुरामावशी, तिथली जुनी आया, जमिनीवरचं रक्त फडक्याने पुसू लागली. तिचं फडकं पिळून होतंय तोवर दारात पाच जण उभे होते.

दोघांच्या हातात कोयते, तिघांच्या हातात सळया. पुढचा लाल शर्टातला. त्याने आधी ड्रिपचा स्टँड उचलून औषधांच्या कपाटावर हाणला. काचेचा सडा पडला. बाकावरची म्हातारी, भाजलेल्या हाताचा कामगार, पोर घेतलेली बाई, सगळे भिंतीकडे सरकले. कामगार उठायला गेला तर एकाने त्याच्या भाजलेल्या हातावरच सळई मारली. त्याची किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत गेली.

"सोळंक्या कुठंय?"

"जालन्याला हलवला," कावेरी म्हणाली. "अर्धा तास झाला. आमच्याकडे त्याला रक्त नव्हतं."

लाल शर्टवाल्याने तिला मुस्काटात दिली. ती टेबलावर आदळली, उठली. "मारून काय होणार? अँब्युलन्स गेली. रस्त्यात असेल."

सळई तिच्या मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तोंडातून तेच निघालं, "जालन्याला."

एक जण प्लास्टरच्या खोलीकडे निघाला. मथुरामावशी फडकं घेऊन आडवी झाली. "मुडद्या, आत बाई बाळंत होतीया! आईच्या पोटातून आलास का नाल्यातून? जा, बघायचं तर आपल्या बहिणीचं बघ!"

तो थबकला. लाल शर्टवाल्याने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "चला," तो म्हणाला. "जालना रस्ता धरू. घाटाच्या अलीकडे गाठू."

ते वळले. पहिला तर पायरी उतरलाही. कावेरीने मोडलेलं मनगट पोटाशी धरलं आणि श्वास सोडला.

प्लायवूडच्या आत रामकिसनला त्यांचे आवाज ऐकू येत होते. तो भीतीने उठून बसायला गेला. त्या हिसक्याने बांधलेली नस सुटली. रक्त वैदेहीच्या तोंडावर उडालं. तिचे दोन्ही तळवे बगलेत गेले, काळीज एकशेचाळीसच्या पुढे गेलं, आणि तिचं तोंड उघडलं.

"पेशंट रामकिसन सोळंके, वय सव्वीस! उजव्या बगलेत खोल जखम! रक्तस्राव पुन्हा सुरू! मी दाब देते!"

आवाज खणखणीत होता. दहा आठवडे घासून तयार केलेला.

पायरीवरचा माणूस परत फिरला.

कावेरी धावली. तिला कुणीतरी कमरेत लाथ घातली आणि ती काचांत पडली. मावशीने एकाचे पाय धरले, त्याने तिच्या डोक्यात सळईची मूठ हाणली. प्लायवूड दुसऱ्या घावात फुटलं. तिथून पुढचं कावेरीला जमिनीवरून दिसलं, तेवढंच. वैदेही स्ट्रेचरवर ओणवी झाली होती, रामकिसनच्या अंगावर आडवी. लाल शर्टवाला ओरडला, "बाजूला हो, पोरी!" ती हलली नाही. तिला हलता येत नव्हतं. पहिला कोयता तिच्या पाठीत बसला. "मी दाब सोडलेला नाही," ती म्हणाली. दुसरा दंडावर. "मी दाब सोडलेला नाही." मग त्यांनी तिला केसांना धरून मागे ओढलं, पोटात खुपसलं आणि फेकून दिलं. रामकिसनवर किती वार झाले ते नंतर मोजले. एकोणीस.

ते निघून गेल्यावर चौथ्या मिनिटाला पोलीस आले.

वैदेहीला दोन वेळा टेबलावर घेतलं. आतडं शिवलं, एक मूत्रपिंड काढावं लागलं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने डोळे उघडले. कावेरी प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून पलंगाशी बसली होती.

"तो?" वैदेहीने विचारलं.

"नाही वाचला."

"आत्या, ते तर निघाले होते. मी ऐकलं. मग त्यांना कळलं कसं?"

कावेरीला समजलं की हिला आठवत नाही. हातांनी काय केलं ते आठवतं, तोंडाने काय केलं ते या वेळी नाही. तिने पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते. त्या डोळ्यांवर रामकिसनचं प्रेत ठेवायला तिला धजवलं नाही.

"मी सांगितलं," कावेरी म्हणाली. "मनगट मोडलं, मग मला सोसलं नाही. मी बोट दाखवलं."

"तू?"

"हो."

वैदेहीने मान भिंतीकडे वळवली. कावेरीने तिच्या केसांना हात लावला, तर तिने डोकं काढून घेतलं. त्यानंतर ती आत्याशी बोलली नाही. संध्याकाळी ताप चढला, रक्तात विष पसरलं.

तिच्या तेराव्यापर्यंत वैदेही खरात हे नाव सगळीकडे झालं होतं. 'दाब सोडला नाही' असा मथळा छापून आला. कॉलेजने सराव खोलीला तिचं नाव द्यायचं ठरवलं. दिगंबरने तिचा फोटो मढवून ओसरीत लावला. कोण कोण येऊन त्याच्या पाया पडून जात. चौकशीला तीन जणांची समिती बसली. कंपनीचा माणूस टाय लावून आला आणि म्हणाला, ही दुर्घटना आहे, पण आमच्या शिक्षणाचं यश पाहा, कोयते खाऊनही मुलीने दाब सोडला नाही. समितीने माना डोलावल्या. पुढच्या महिन्यापासून पट्टी राज्यातल्या आणखी साठ कॉलेजांत जाणार होती.

हल्लेखोरांना जागा कशी कळली, याचं उत्तर कावेरीखेरीज कुणाजवळ नव्हतं. बाकावरच्या लोकांना किंकाळ्यांपलीकडे काही आठवत नव्हतं, मथुरामावशीची शुद्ध गेली होती. पण अपघात विभागाच्या छतातही तसलेच कान होते. फरहानने ते ध्वनिमुद्रण काढून कावेरीच्या हातात ठेवलं. "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं. मी हे कुणाला दिलं नाही."

कावेरी आधी भावाकडे गेली. ओसरीत फोटोखाली बसून तिने त्याला सगळं सांगितलं, पट्टीपासून पोरीला सांगितलेल्या खोट्यापर्यंत. दिगंबरचा तीन बोटांचा हात गुडघ्यावर होता.

"म्हणजे माझ्या लेकीनं त्याला मारलं, असं सांगणार तू?"

"मी मारलं. माझा हट्ट होता. दिवाळीत तिने मला सांगितलं होतं, तोंड माझं नाही म्हणून. मी हसले."

"मग गप बस. पोर गेली, अक्का. आता नाव तरी राहू दे. त्याच्यावर जगायलोय मी."

"दिगू, माझ्याकडे बेचाळीस पोरी आहेत तशा. उद्या साठ कॉलेजांत होतील. एखादीला पलंगाखाली लपायची वेळ आली तर ती आपलं नाव पुकारेल."

दिगंबर उठला. त्याने कोपऱ्यातली काठी घेतली आणि बहिणीच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. बायको मध्ये पडली तेव्हा थांबला. "ह्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवलास तर तंगडी तोडीन," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

कावेरीने समितीपुढे ते ध्वनिमुद्रण लावलं. "हा आवाज वैदेहीचा आहे," ती म्हणाली. "गुन्हा तिचा नाही. जनावराला लावतात तशी सवय आम्ही तिला लावली, आणि ती मोडायची वाट ठेवली नाही. दिवाळीत मला कळलं होतं. मी लिहून कळवलं नाही. माझं नाव लिहा."

समितीने लिहिलं. पट्टी धामणखेड्यात बंद झाली, साठ कॉलेजांचं तूर्त थांबलं. बेचाळीस मुलींना अपघात विभागापासून लांब ठेवून बालविभागात, कार्यालयात, कुठे कुठे बसवलं. त्यातल्या सात जणींनी नर्सिंग सोडलं. कावेरीची नोकरी गेली.

बातमी फुटल्यावर रामकिसनची आई धामणखेड्याला आली. कावेरीच्या दारात उभी राहून तिने पायातली चप्पल काढली आणि सगळ्या आळीदेखत तिला मारत राहिली, दम लागेपर्यंत. शेजारी सोडवायला आले. कावेरीने त्यांना बरा हात वर करून थांबवलं. म्हातारी थकून पायरीवर बसली, तेव्हा कावेरीने आतून पाण्याचा तांब्या आणला. म्हातारीने तो आधी लाथाडला. नंतर दुसरा मागितला.

"लेकरू बोललं का काही शेवटी?" तिने विचारलं.

"नाही," कावेरी म्हणाली. "वेळ नव्हता."

लाल शर्टवाल्याला आणि दोघांना जन्मठेप झाली. इतर दोघे सापडले नाहीत. दिगंबरने ओसरीतला फोटो काढला नाही आणि बहिणीला बोलावलंही नाही.

रामकिसन आसाराम सोळंके, वय सव्वीस, बुधवार, पंधरा मार्च दोन हजार पंचेचाळीस रोजी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी धामणखेड्याच्या अपघात विभागात मारला गेला. वैदेही दिगंबर खरात, वय एकोणीस, शनिवार, अठरा मार्चला सकाळी नऊ वाजता त्याच रुग्णालयात वारली.